वन्यजीव अभ्यासात करिअर : आधी बिबट्या मोजायला शिका

नोव्हेंबर २०१६ मध्ये गुरुग्राम जिल्ह्यात, सोहनाजवळच्या मंडावर गावात एक बिबट्या शिरला. काही माणसं जखमी झाली आणि चिडलेल्या जमावाने काठ्यांनी मारून त्याचा जीव घेतला. साधारण त्याच सुमारास दिल्लीच्या उत्तर टोकाला, यमुना बायोडायव्हर्सिटी पार्कमध्ये दुसरा बिबट्या वावरत असल्याचं दिसलं. त्याने कुणालाही इजा केलेली नव्हती. तरी डिसेंबरमध्ये त्याला पिंजऱ्यात पकडून सहारनपूरकडच्या शिवालिकच्या जंगलात सोडण्यात आलं. पार्क उभं करणारे शास्त्रज्ञ त्याला तिथेच राहू द्यावं म्हणत होते, तर आसपासच्या वस्तीतल्या लोकांची झोप उडाली होती.

यानंतरही एनसीआरमध्ये बिबटे दिसतच राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गाझियाबादच्या न्यायालयात एक घुसला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सैनिक फार्ममध्ये एक फिरताना दिसला. प्रत्येक वेळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मागणी असते, ‘पकडा आणि जंगलात नेऊन सोडा.’ ऐकायला किती सोपं वाटतं! पण कुठल्या जंगलात? तिथे आधीच दुसरा बिबट्या असेल तर? आणि सोडलेला तिथेच राहील याची खात्री कोण देणार?

ही उत्तरं शोधणं हा ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे ते म्हणजे वन्यजीव अभ्यासक, म्हणजेच वाइल्डलाइफ बायोलॉजिस्ट. तुमच्या घरातल्या बारावीच्या मुलीने किंवा मुलाने ‘मला जंगलात काम करायचंय’ असं जाहीर केलं असेल, तर हा लेख तिच्याबरोबर बसून वाचा.

आवड वेगळी, काम वेगळं

टीव्हीवरच्या माहितीपटांमुळे आपल्या मनात या कामाचं एक चित्र तयार झालंय. खाकी कपडे, उघडी जीप, गळ्यात भलामोठा कॅमेरा आणि समोर वाघ. हे चित्र फोटोग्राफरचं किंवा पर्यटकाचं आहे. वन अधिकाऱ्याचं कामही वेगळं. भारतीय वन सेवेत जायचं तर यूपीएससीची परीक्षा द्यावी लागते आणि पुढे प्रशासन, कायदा, कर्मचारी हे सगळं सांभाळावं लागतं. जखमी प्राण्यावर उपचार करायचे असतील तर पशुवैद्यकीय पदवी हवी.

अभ्यासकाचं काम प्रश्न विचारण्याचं आणि मोजण्याचं असतं. इथे किती प्राणी आहेत? काय खातात? कुठून कुठे जातात? माणसांशी त्यांचं कधी आणि का बिघडतं? उत्तरासाठी महिनोन् महिने तीच पायवाट, तेच ठसे, तीच नोंदवही. मग परत येऊन लॅपटॉपवर आकडेमोड. प्राणी प्रत्यक्ष दिसण्याचे दिवस मोजकेच. ज्या मुलांना वाघ बघायचाय त्यांनी सुट्टीत ताडोबाला जावं, त्यासाठी एमएस्सी करायची गरज नाही.

मग एवढी मोजदाद करून होतं काय? यासाठी आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगते.

जुन्नरच्या उसातले बिबटे

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसाच्या दाट फडात बिबट्यांना लपायला जागा मिळाली. माद्या तिथेच पिल्लं घालू लागल्या. २००१ ते २००३ या काळात माणसांवरचे हल्ले एवढे वाढले की संध्याकाळी घराबाहेर पडणं कठीण झालं. वनखात्याने पिंजरे लावून बिबटे पकडले आणि लांबच्या जंगलांत सोडले. कुणालाही हाच उपाय सुचला असता.

डॉ. विद्या अत्रेय तेव्हा याच भागात काम करत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पकडलेल्या बिबट्यांना मायक्रोचिप बसवल्या. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप असेल तर तोच प्राणी पुन्हा सापडल्यावर ओळखता येतो. १९९३ पासूनच्या हल्ल्यांच्या नोंदीही त्यांनी तपासल्या. त्यातून जे निघालं त्याने सगळ्यांनाच कोड्यात टाकलं. बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर लांब सोडण्याची मोहीम सुरू होण्यापूर्वी जुन्नरमध्ये वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहिमेनंतर ते १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं.

म्हणजे औषधानेच आजार वाढत होता. पकडलेला, घाबरलेला, अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या आपल्या जागेकडे परत फिरतो आणि वाटेत वस्त्या लागतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. हा अभ्यास २०११ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाने बिबट्या-माणूस संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडून लांब सोडण्याच्या पद्धतीला चाप लावला.

एखाद्या नोंदवहीतल्या आकड्यांनी देशाचं धोरण बदलावं, असं किती नोकऱ्यांमध्ये घडतं?

पण गोष्ट इथे गोड शेवटाची नाही. जुन्नर, शिरूर भागात अलीकडच्या वर्षांतही माणसं बळी पडली आहेत, त्यात लहान मुलं होती. ज्या आईने मूल गमावलंय तिच्यासमोर ‘बिबट्या सहसा माणसाला टाळतो’ हे वाक्य उच्चारायची कुणाची हिंमत होईल? या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना अशा अंगणात जाऊन बसावं लागतं, शिव्या ऐकाव्या लागतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी नोंदी करायला त्याच गावात जावं लागतं. जीपच्या फोटोत हे दिसत नाही.

न दिसणारा प्राणी मोजायचा कसा?

यानंतर अत्रेय यांनी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात काम केलं. जंगल नाही, हरणं नाहीत, फक्त शेतं आणि वस्त्या. एका चौरस किलोमीटरमध्ये ३०० हून जास्त माणसं. अशा ठिकाणी किती बिबटे असतील?

उत्तर कॅमेरा ट्रॅपने मिळालं. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. पुढून काही गेलं की फोटो आपोआप निघतो. दोन कॅमेरे का, तर बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळी असते आणि प्रत्येक बिबट्याची स्वतःची असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी.

पुढचं गणित तुम्ही घरीही करून बघू शकता. समजा एका रविवारी तुम्ही सोसायटीतल्या २० मांजरांचे फोटो काढलेत. पुढच्या रविवारी पुन्हा २० मांजरं दिसली, त्यातली १० आधीच्या फोटोंतलीच निघाली. म्हणजे दुसऱ्या वेळी दिसलेल्यांपैकी निम्मी तुमच्या ओळखीची आहेत. याचा अर्थ पहिल्या २० मध्ये सोसायटीतली साधारण निम्मी मांजरं आली होती, म्हणून एकूण ४० च्या आसपास असावीत. प्रत्यक्षातलं गणित यापेक्षा बरंच किचकट असतं, पण मूळ कल्पना हीच. (आमच्या नोएडातल्या सोसायटीत हा प्रयोग केला तर कुत्र्यांवरून आधीच पेटलेल्या ग्रुपवर आणखी तेल पडेल!)

अकोल्यात या पद्धतीने १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस निघाले. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेताशेतांतून माणसांच्या शेजारी एवढे बिबटे राहत होते आणि तरीही तिथे जुन्नरसारखी परिस्थिती नव्हती.

ते खात काय होते? इथे कामाचा सर्वात कमी देखणा भाग येतो. बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची, वाळवायची आणि तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कुठल्या प्राण्याचे ते ओळखायचं. त्यातून कळलं की अकोल्यातल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के पाळीव आणि गावातले प्राणी होते आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या गावात कितीतरी जास्त, पण रात्री त्या गोठ्यात बंद असतात. कुत्री मोकळी असतात. उघड्यावरचा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री आणि त्यामागे येणारा बिबट्या ही साखळी दिल्लीच्या कडेला राहणाऱ्यांनाही ओळखीची वाटायला हरकत नाही.

एका ‘आजोबा’चा प्रवास

२००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्कर आणि शांत दिसला म्हणून सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणू लागले. गळ्यात जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. मग तो चालत सुटला. लोहमार्ग, महामार्ग, वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटर कापून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला. वाटेत कुणावरही हल्ला नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला. सुजय डहाके यांनी यावर २०१४ मध्ये ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला, त्यात ऊर्मिला मातोंडकर मुख्य भूमिकेत होत्या. मुलांना हे करिअर समजावून सांगायचं असेल तर एक संध्याकाळ हा चित्रपट बघण्यात घालवायला हरकत नाही.

एखाद्या विद्यार्थ्याचं कामही किती दूर जाऊ शकतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. निकित सुर्वे यांनी २०१५ मध्ये विद्यार्थी असतानाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि परिसरात कॅमेरा ट्रॅप लावून ३५ बिबटे ओळखले. तोपर्यंत शहरात याबाबत नुसते अंदाज चालायचे.

शिकायचं कुठे?

बारावीला जीवशास्त्र घेतलं तर रस्ता सरळ होतो. पुढे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरण, वनशास्त्र, पशुवैद्यक यातली कुठलीही पदवी चालते. खरी दिशा एमएस्सीला मिळते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२) आणि बंगळुरूचं नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस ही सर्वात नावाजलेली ठिकाणं. दोन्हीकडे जागा फार थोड्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत कडक. बंगळुरूचा अभ्यासक्रम तर दरवर्षी नसतो, एक तुकडी संपली की पुढची घेतात, म्हणून वर्षाचं गणित आधीच जमवा. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरूनच वाचा, कोचिंगवाल्यांच्या जाहिरातीवरून नको.

पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्थेत आणि आबासाहेब गरवारे महाविद्यालयात या विषयांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. दिल्लीतच राहायचं असेल तर द्वारकाच्या गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठात जैवविविधता आणि संवर्धन हा विषय आहे, नोएडात अॅमिटीमध्ये वन्यजीव विज्ञान आहे. खासगी ठिकाणी फी भरण्यापूर्वी तिथले किती विद्यार्थी प्रत्यक्ष फील्डवर जातात आणि प्राध्यापकांचं स्वतःचं संशोधन काय आहे, हे विचारा. सुंदर इमारत बघून भुलू नका.

आणखी एक गोष्ट कुणी लवकर सांगत नाही. या क्षेत्रात संख्याशास्त्र येत नसेल तर दार जवळपास बंद. ‘आर’ नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, दोन्ही फुकट मिळतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच हाताळायला घ्या. प्राणी आवडतात म्हणून जीवशास्त्र घेतलं आणि गणित सुटलं म्हणून आनंद झाला, अशा मुलांना पुढे हेच जड जातं.

सायन्स नसेल तर?

मी स्वतः इंग्रजी घेऊन बीए केलंय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. बिबटे आणि माणसं शेजारी कशी राहतात हे समजायला माणसांचा अभ्यासही लागतो. अत्रेय यांच्या गटाने वारली समाजाच्या वाघोबावर अभ्यास केला आणि मुंबई, ठाणे, पालघर भागात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली. वाघाची आणि बिबट्याची पूजा करणारी माणसं नुकसान कसं सोसतात, देवाशी कसा व्यवहार करतात, हे त्यातून पुढे आलं. असं काम समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र शिकलेलेही करतात. संवाद, लेखन, शाळांतले कार्यक्रम, कायदा यांनाही जागा आहे. लोदी इस्टेटमधलं डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया आणि नोएडातलं वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या दोन्ही मोठ्या संस्थांची मुख्यालयं आपल्या एनसीआरमध्येच आहेत.

आणि मराठी! दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांना मराठी कशाला, असं म्हणणारे आईवडील इथेही भेटतात. अकोल्यातल्या शेतकऱ्याशी इंग्रजीत बोलून काही हाती लागणार नाही. घरात बोलली जाणारी भाषा हे या कामात खरंखुरं भांडवल आहे.

पैशांचं काय?

माझ्या मावसबहिणीने हा विषय काढला तेव्हा मावशीने फक्त एक प्रश्न विचारला, “शेवटी पगार किती गं मिळतो?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर गोडगोड देण्यात अर्थ नाही.

एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर सीनियर झाल्यावर ४२,०००. घरभाडं वेगळं. पण ही फेलोशिप थोड्यांनाच मिळते. बाकीचे प्रकल्पांवर काम करतात, तिथला पगार याहून बराच कमी असू शकतो आणि करार प्रकल्पापुरता असतो. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. पीएचडी होईपर्यंत वय सहज तिशीच्या आसपास पोहोचतं. तोवर इंजिनीअर झालेल्या चुलतभावाने फ्लॅट घेतलेला असतो आणि दिवाळीत नातेवाईक तो आवर्जून दाखवतात.

माझं मत विचाराल तर पदवी झाल्यावर लगेच एमएस्सीला न जाता सहा महिने ते वर्षभर एखाद्या प्रकल्पावर सहायक म्हणून काम करावं. पावसात जळू लागलेल्या पायांनी, नेटवर्क नसलेल्या गावात, रोज वरण-भात खाऊन राहिल्यावर मुलीला स्वतःलाच कळतं की हे झेपतंय की नाही. मावसबहीण सध्या तेच करतेय. मावशीचा जीव अजून टांगणीलाच आहे.

मुलगी जंगलात एकटी कशी राहणार?

एकटी ती सहसा नसते. फील्डवर स्थानिक सहायक, वनरक्षक, सहकारी बरोबर असतात आणि परवानगीशिवाय अभयारण्यात पाऊलही टाकता येत नाही. या क्षेत्रात आज मुली खूप आहेत. तरी आईवडिलांनी थेट प्रश्न विचारावेत. राहण्याची जागा कुठे? शौचालय आहे का? गाडी कोण चालवतं? विमा आहे का? जवळचं हॉस्पिटल किती लांब? तक्रार करायची तर समिती आहे का? चांगल्या संस्था या प्रश्नांनी दुखावत नाहीत. ज्या दुखावतात तिथे मुलीला पाठवू नका, मुलालाही नको. जंगली प्राण्यापेक्षा रात्रीचा प्रवास, खराब रस्ते, साप आणि मलेरिया यांची काळजी जास्त करायला हवी.

दिल्लीत बसून सुरुवात

यासाठी कान्हा किंवा काझीरंगा गाठायची गरज नाही. दक्षिण दिल्लीत असोला भट्टी अभयारण्य आहे आणि तिथे बिबटे राहतात. तिथल्या बीएनएचएसच्या संवर्धन शिक्षण केंद्राचे निसर्गफेरीचे कार्यक्रम शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी उत्तम. ओखला पक्षी अभयारण्य मेट्रोने गाठता येतं, गुरुग्रामजवळ सुलतानपूर आहे, ग्रेटर नोएडात सूरजपूरचं पाणथळ आहे.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि एनसीआरमधल्या पाणवठ्यांवर हौशी माणसंच अनुभवी पक्षीनिरीक्षकांबरोबर पक्षी मोजतात. फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, त्यात तर तुमच्या गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलेलंही चालतं. नोंदी ‘ई-बर्ड’ या मोफत अॅपवर टाकायच्या. मुलांना हे हमखास आवडतं. आजीआजोबांनाही आवडतं, सकाळी लवकर उठायची त्यांना सवय असतेच.

पहिल्या वाढदिवशीच महागडा कॅमेरा घेऊन देऊ नका. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण आणि एक वही पुरे. वहीत तारीख, वेळ, जागा, काय दिसलं आणि किती, एवढं लिहायला सांगा. काही दिसलं नाही तर तेही तारखेसह लिहायचं, कारण मोजणीत शून्याचीही नोंद लागते.